त्रेचाळीस दाते

माझ्या ताईचा नवरा घड्याळजी. गल्लीच्या तोंडाशी चार फुटांचं दुकान, डोळ्याला भिंग, आणि समोर गिऱ्हाईक उभं आहे हे कळायला पाच मिनिटं लागतात. अशा माणसानं पन्नाशी ओलांडल्यावर, घरात कुणाला न विचारता, एक जुनी फोर-व्हील गाडी टेम्पोवर घालून आणली आणि घराशेजारच्या शेडमध्ये उतरवली. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून, नाहीतर शपथेवर सांगितलं असतं तरी खरं मानलं नसतं.

ती शेड ताईला शिवणक्लाससाठी हवी होती. तीन मशिनं बोलून ठेवलेली, आठ बायकांनी नावं दिलेली. पण ताई भांडली नाही. तिनं कॅलेंडरवर बोट ठेवलं. "एक वर्ष देते. पुढच्या वर्षी याच रविवारी ही गाडी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चारी चाकांच्या जोरावर चढली, तर शेड तुमची. मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही चढली, तर गाडी भंगारात आणि शेड माझी."

"कबूल!" भाओजी म्हणाले. इतक्या झटक्यात, की यांनी गाडी एकदा तरी खालून पाहिली आहे का, अशी मला शंका आली. पाहिली नव्हती.

त्या टाकीवर मी पंप चालवतो, त्यामुळे तो रस्ता मला पाठ आहे. शेवटचा चढ म्हणजे नुसती सुटी खडी. मी मनातल्या मनात ताईला शेडची किल्ली देऊन मोकळा झालो.

खालून पाहिलं तेव्हा कळलं, की वरचा रंग हाच गाडीचा सगळ्यात मजबूत भाग होता. पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचला तर बिस्किटासारखा तुटला. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. ब्रेक दाबला की पाय थेट जमिनीकडे. पाच टायर घेतले, त्यांची किंमत गाडीपेक्षा जास्त झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी म्हटलं तर भाओजी म्हणाले, "कोंबडी जिवंत आहे रे, हे विसरू नकोस!" उत्साह असा, की त्यांनी वेल्डिंगच्या आधीच रंग देऊन टाकला. वेल्डरनं ठिणग्या पाडल्या आणि नवा कोरा रंग करपला. पुन्हा खरवडा, पुन्हा रंगवा!

काम मात्र घड्याळाच्या शिस्तीत. सुटलेला प्रत्येक नट औषधाच्या रिकाम्या बाटलीत, बाटलीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर इतकं बारीक अक्षर की भिंग लावल्याशिवाय वाचता येत नाही. मी एकदा घाईत पाण्याच्या पंपाचे बोल्ट मागितले, तर त्यांनी आधी माझ्या हातात भिंग दिलं. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

आठव्या महिन्यात पुढच्या आसाच्या लोखंडी कवचाला लांबलचक तडा सापडला. भंगाराच्या अड्ड्यावर तसाच आस मिळाला. तोच आकार, तेच बोल्ट. "जुळा भाऊ आहे," भंगारवाला म्हणाला. बदल्यात त्यानं आमचा तडा गेलेला आस ठेवून घेतला. भाओजींनी नव्या आसाचं बेअरिंग भिंगातून पाहिलं, सील पाहिलं. मागचं झाकण उघडायला पाना काढला, तेवढ्यात टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला आणि मी ओरडलो, "चला हो भाओजी, ते काय मनगटी घड्याळ आहे?" त्यांनी पाना खिशात टाकला.

मुदतीच्या आधीच्या मंगळवारी गाडी सुरू झाली. काय आवाज होता! शेजारची माणसं गच्चीवर आली. दोन चाकांच्या जोरावर आम्ही मैदानाला तीन चकरा मारल्या. मी लहान पोरासारखा ओरडत होतो, हे कबूल करतो. मग भाओजींनी गिअरच्या दांड्याशेजारचा छोटा दांडा ओढला. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. लावला त्यांनी जोर! गाडी दोन हात गेली, आचके देऊ लागली, आणि खालून 'धाड' असा आवाज आला की मी दार नसलेल्या बाजूनं बाहेर उडी मारली.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. चार दिवस उरले होते. भाओजी शेडमध्ये स्टुलावर बसून राहिले, चहा गार झाला तरी हात लावला नाही. ताई दारात येऊन उभी राहिली. तिचा डाव जिंकत आला होता, पण चेहरा जिंकणाऱ्याचा नव्हता.

"अहो, घड्याळ असं अडलं तर काय करता?" तिनं विचारलं.

"दाते मोजतो," भाओजी म्हणाले. आणि ताडकन उठले!

गाडी जॅकवर चढवली. आसाच्या मधोमध दातेरी चाकांची एक जोडी असते, क्राऊन-पिनियन म्हणतात तिला. इंजिनाचा जोर आसापर्यंत आणणाऱ्या शाफ्टचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, ते ती जोडी ठरवते. पुढचं आणि मागचं गणित एकच हवं. एका चाकाशी मी, दुसऱ्याशी भाओजी, दोघांनी एकदम फिरवायचं. शाफ्टवर खडूची खूण केली आणि ताई पदर खोचून खाली वाकली. मागच्या चाकाचा एक फेरा झाला. "पाच, आणि वर थोडं," ताई म्हणाली. पुढच्याचा झाला. "पाच पुरे होत नाहीत."

झाकणं उघडली. मागे क्राऊनला, म्हणजे जोडीतल्या मोठ्या चाकाला, त्रेचाळीस दाते, पुढे एकोणचाळीस. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत होती. भाओजींनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षं मी दुसरं केलं काय? दातेच मोजले ना? आणि इथे मोजले नाहीत!"

हॉर्नच्या वेळी ओरडलं होतं कोण? मीच. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं ते मी ओरडूनच सांगितलं. "आपला जुना आस! तडा कवचाला होता, आतली जोडी शाबूत आहे!"

बुधवारी अड्डा उघडायच्या आधी आम्ही दारात. भंगारवाला म्हणाला, "परवाच ट्रक भरून गेला." भाओजी ऐकायला थांबलेच नाहीत, ते ढिगावर चढले होते. अर्ध्या तासानं पत्र्यांखालून आवाज आला, "सापडला!" त्यांनी तिथेच झाकण उघडून दाते मोजले. त्रेचाळीस. पुन्हा मोजले. मी आणि भंगारवालाही मोजायला लागलो. आमच्याच मालाची त्यानं दामदुप्पट किंमत सांगितली, आणि भाओजींनी घासाघीस न करता दिली. पुढचे तीन दिवस ते ती जोडी नव्या आसाच्या कवचात बसवत होते, केसाएवढ्या जाडीच्या पट्ट्या घालत आणि काढत, कान लावून. मी बापजन्मी एवढा चिवट माणूस पाहिला नाही.

रविवारी ताई पुढे बसली, मी मागे. टेकडीचा अर्धा रस्ता मजेत गेला. शेवटच्या चढाला मागची चाकं खडीत गरगरा फिरायला लागली आणि गाडी मागे घसरली. भाओजींचा हात छोट्या दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला. ते 'धाड' त्यांच्या कानात होतं. पुन्हा तसं झालं तर वर्ष पाण्यात.

ताईनं नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच. शेड तिची झाली असती.

"मोजलेत ना या वेळी?" ती म्हणाली.

"दोनदा. नाही, पाचदा."

"मग घाबरता कशाला? क्लच दाबा!" आणि तिनं स्वतःच तो दांडा खसकन मागे ओढला.

पुढची चाकं जागी झाली! खडी उडाली, गाडीनं नाक वर केलं आणि चढली. न अडखळता, न कुरकुरता चढली! मी मागे उभा राहून ओरडत होतो, ताई डॅशबोर्डवर थापा मारत होती, "चल गं, चल गं!" टाकीच्या भिंतीशी जाऊन भाओजींनी ब्रेक लावला, आणि ब्रेकही लागला.

मग ताई हसली. "जिंकलात. उद्या त्या आठ जणींना सांगून टाकते, क्लास नाही म्हणून." हसता हसताच तिनं तोंड टाकीकडे वळवलं.

भाओजी स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. "नको सांगूस. शेड तुझी. गाडी बाहेर उभी राहील."

"उघड्यावर? अहो, वर्षभर घासून गंज काढलात. वर्षात पुन्हा खाईल तो तिला."

"खाऊ दे. पुन्हा घासेन."

ते म्हणताना त्यांना किती जड गेलं, ते मला मागून मानेवरूनही दिसलं. त्या दोघांचा मला इतका अभिमान वाटला की मी आयुष्यात पहिल्यांदा टोमणा गिळला.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी आतच एका बाजूला सरकवली, तर पूर्वेच्या भिंतीशी माझी मशिनं बसतील. तिथे खिडकी काढून द्याल? सुईत दोरा ओवायला उजेड लागतो."

"किती बाय किती?" भाओजींनी विचारलं, आणि खिशात पेन्सिल शोधायला लागले.