दाजीपंतांचा राहिलेला अर्थ

दाजीपंत रस्त्याने सरळ असे कधी गेलेच नाहीत. कसब्यातल्या आमच्या आळीत शिरले की पहिल्या घरापुढे थांबत, दारातल्या माणसाकडे नीट बघत, तोंडातल्या तोंडात 'कीप' म्हणत आणि पुढे सरकत. दुसऱ्या दारापुढे पुन्हा तेच. नवख्याला वाटे, गृहस्थ जप करताहेत आणि देव प्रत्येक घरात निराळा आहे.

आम्ही दोघे एका सरदारांच्या कचेरीत कारकून होतो. श्रीमंतांच्या राज्याची ती अखेरची वर्षे, पण हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. पंत माझ्याहून पुष्कळ वडील, तरी मला 'अहो सदाशिवपंत' म्हणत आणि बैठकीला शेजारी जागा देत. सरदारांच्या तोफखान्यात एक म्हातारा टोपीकर गोलंदाज होता. पंत त्याच्यापाशी बसून इंग्रजी शिकले. तो वारला तेव्हा पंत म्हणाले, "जाताना तोफा सरदारांना दिल्या त्याने, आणि क्रियापदं मला."

इंग्रजीबद्दल त्यांचे मत ठरलेले होते. "त्या भाषेत क्रियापदं थोडी आणि कामं फार. एकेका क्रियापदाकडे दहा घरची धुणीभांडी." त्यातले सगळ्यात राबणारे म्हणजे 'कीप'. म्हैस बाळगली तरी कीप, दुकान चालवले तरी कीप, शब्द पाळला तरी कीप आणि माणसाला ताटकळत ठेवले तरी कीपच. हे सगळे ध्यानात ठेवायला पंत कागद वापरत नसत. "कागद वाळवी खाते. माणूस रोज समोर येतो." म्हणून प्रत्येक अर्थ त्यांनी आळीतल्या एकेका माणसाच्या नावे करून टाकला होता, आणि रोज जातायेता उजळणी चालू असे. मीही त्यांच्यामागून चालत असे. चार-पाच वर्षांत माझे इंग्रजी असेच चालत चालत झाले.

म्हैस सखू गवळणीकडे होती. ती वाघोलीची. एखादे दिवशी पंत घाईत निघून गेले की ती हटकायची, "पंत, आज माझ्याम्होरं थांबला न्हाईत?"

"घाई होती, सखूबाई."

"मग म्हस कोन राखनार हाय? तुमचा टोपीकर?"

पंत चार पावले मागे येत, म्हशीकडे बघून आदराने 'कीप' म्हणत आणि मग कचेरीला जात.

दुकान लिंगाप्पा वाण्याकडे होते, आणि त्याची त्यावरून तक्रार होती. "मला नुसतं दुकान का? मी शब्दसुद्धा पाळतो."

"परवाच्या गुळात खडे निघाले, लिंगाप्पा. शब्द अंतोबांकडेच असू द्या."

अंतोबा भटजींनी बायकोला शब्द दिला होता, पुन्हा बुद्धिबळाला हात लावणार नाही म्हणून. बायको वारली तरी त्यांनी तो पाळला. पारावर डाव रंगला की ते शेजारी बसत, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि कोणी घोडा चुकीचा टाकला की कळवळत. मी एकदा विचारले, "पंत, इंग्रजीत 'होल्ड' असाही शब्द आहे. मग तो आणि कीप एकच ना?" पंतांनी पाराकडे बोट केले. "मांडीखाली हात दाबलेत ना, ते होल्ड. का दाबलेत, ते कीप. सारख्या अर्थाचे शब्द म्हणजे मावसभाऊ हो. तोंडावळा एक असतो, पण एकाच्या आमंत्रणाला दुसरा जेवायला गेला की यजमानाला कळतं."

ताटकळत ठेवणे अर्थातच चिमणा शिंप्याकडे. "माझा अंगरखा दसऱ्याला देतो म्हणाला होता," पंत सांगत. "कोणत्या दसऱ्याला, ते मी विचारलं नाही. चूक माझी."

एक अर्थ मात्र बेवारस राहिला होता. गप्प राहणे. "अख्खं पुणं पालथं घातलं," पंत म्हणत, "गप्प राहणारा माणूस मिळेना. ओंकारेश्वरापाशी एक मौनी बाबा आले होते. आशेने गेलो. त्यांनी धुळीत बोटाने लिहून भाजी महागल्याची तक्रार केली."

मग ते दिवस आले, जेव्हा इंग्रजाचे नाव काढले तरी लोक मागे वळून बघत. कोण्या जासुदाने सरदारांच्या कारभाऱ्यांना खबर दिली की एक कारकून रोज घरोघरी थांबून इंग्रजी बोलतो. ही फितुरीची खूण असली पाहिजे. पंतांना सदरेवर उभे केले. मी खाली लेखणी घेऊन बसलो होतो, जबाब लिहायला.

"कीप म्हणजे काय?" कारभाऱ्यांनी विचारले.

"म्हैस, दुकान, दिलेला शब्द आणि खोळंबा, सरकार."

सदर हसली. कारभारी हसले नाहीत. तेवढ्यात दाराशी गलका झाला. आळी न बोलावता आली होती. सखू पहारेकऱ्याला बाजूला सारून पुढे आली. "सरकार, कीप म्हंजी मी. माझी म्हस हाय."

"एकटी तू नव्हेस," लिंगाप्पा मागून म्हणाला. "मीही आहे."

अंतोबांनी बुद्धिबळाची सगळी हकीकत सांगितली, बायकोच्या आजारपणापासून. कारभाऱ्यांनी ती ऐकली. चिमणा शिंपी सगळे आटोपल्यावर पोचला.

कारभारी शेवटी म्हणाले, "फितूर माणूस आळीभर साक्षीदार जमवून फितुरी करत नाही. पंतांच्या जिवाला धोका नाही. पण ही मंडळी सांगतात ते पंतांनीच शिकवलेलं. कीपला एवढे अर्थ खरंच आहेत, हे सांगणारा इंग्रजी जाणता दुसरा कोणी आहे का? एकाने होय म्हटलं तर पंत उद्यापासून कामावर."

मी दौतीकडे बघत होतो. होय म्हणू शकेल असा मीच होतो, दुसरा कोणीही नव्हता. पण म्हटले असते तर संशयित एकाचे दोन झाले असते, असे मला वाटले. कारभाऱ्यांनी वळून विचारले, "पंत, कुणाला शिकवलंत?"

पंतांनी आढ्याकडे पाहिले, माझ्याकडे नाही. "शिकवलं पुष्कळांना, सरकार. शिकलं कोण, ते सांगता येत नाही."

त्यांची नोकरी गेली. सासुरवाडीची जमीन वाघोलीला होती, तिकडे ते गाडी भरून निघाले. आळी निरोपाला जमली. सखूने दुधाची चरवी दिली, आणि चिमणाने अंगरखा आणला, एका बाहीचा. पंतांनी तो तसाच अंगात घातला. गाडीत चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तो राहिलेला अर्थ मार्गी लागला हो, सदाशिवपंत. असा माणूस पुण्यात मिळेल असं वाटलं नव्हतं." आवाजात राग नव्हता. तसा असता तर बरे झाले असते.

पुढे राज्य गेले, इंग्रजीला भाव आला आणि माझे दिवस फिरले. भाषा कुठे शिकलात, असे लोक विचारत. मी म्हणे, आपली आपणच. पंत फितूर होते अशी कुजबुज शहरात राहिली होती. ती कानावर आली की मी पान लावायला घेई.

एकदा हुरड्याच्या दिवसांत वाघोलीला गेलो. पंत थकले होते, पण शेताच्या बांधावर थांबत, माणसाकडे बघत आणि पुढे सरकत. त्यांनी गावातही नवी माणसे नेमली होती. मला कणसे भाजून दिली. मला जे बोलायचे होते ते ओठांपर्यंत आले आणि मी हुरड्याची तारीफ केली.

"इथे सगळे अर्थ नव्याने वाटून दिले," ते हात चोळत म्हणाले. "एक तेवढा पुण्यातच ठेवला आहे. तुमच्याकडून काढून घ्यावा असं अजून कारण पडलं नाही."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले.

तर आता लिहितो. दाजीपंत फितूर नव्हते. कीपला ते सारे अर्थ आहेत. कारभाऱ्यांनी विचारले होते, त्याचे उत्तर होय. माझे इंग्रजी त्यांचे आहे, कसब्यातल्या एका आळीत चालत चालत मिळालेले. गप्प राहण्याचा अर्थ आजपासून पुन्हा बेवारस झाला. पुण्यात त्याला माणूस मिळणे कठीण आहे, हे पंत सांगून गेलेच आहेत.