श्रीनिवासरावांच्या फळीवरचा सातवा नियम

श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. आयुष्यभर कावेरीचे कालवे कागदावर उतरवले, त्यामुळे रेघ वाकडी दिसली की त्यांना जेवण जात नसे. मुलं शाळेत असताना बाजारातून क्रिकेटचा एक पुठ्ठ्याचा खेळ आणला होता. पावसाळ्यात पुठ्ठा फुगला, तेव्हा त्यांनी प्लायवूडच्या फळीवर नवं मैदान काढलं. खेळपट्टी, सीमारेषा, खेळाडूंच्या खुंट्यांसाठी भोकं, सगळं मापात.

मैदान नवं झालं, मग नियम तरी जुने कशाला ठेवायचे? डब्यातल्या नियमांप्रमाणे फाशावर पाच पडले की पाच धावा. श्रीनिवासराव म्हणाले, पाच धावा पळून कोण काढतो हो, दाखवा मला. त्यांनी ठरवलं, पाच पडले की अपील. फासा पुन्हा टाकायचा, विषम पडलं की बाद. लागोपाठ तिसरा षटकार पडला की चेंडू वडवार कालव्यात गेला असं धरायचं आणि फलंदाजाने घरी जायचं, कारण लहानपणी ते कालव्याच्या काठावरच खेळत. धावा चिंचोक्यांनी मोजायच्या, आणि चिंचोके त्यांच्या बायकोच्या, सुंदरीबाईंच्या ताब्यात. त्या खेळत नसत, पण एक चिंचोका इकडचा तिकडे होऊ देत नसत.

सातवा नियम मात्र क्रिकेटचा नव्हता. फळीशी बसल्यावर मराठीच बोलायचं. तमिळ शब्द तोंडातून गेला की बाद. आउट, ओव्हर, रन हे खेळाचे शब्द म्हणून माफ. हे सगळे नियम फळीच्या पाठीवर लिहिलेले होते, तेही तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी वाचणारं घरात कोणी नव्हतं. हसू नका. तंजावरात आमची मराठी अशीच नांदते.

नियमाला कारण होतं. गिरीश आणि सतीशकुमार ही दोन्ही मुलं बापाने मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर देत. रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली, पालथ्या घड्यावर पाणी. पण बाद व्हायची भीती घातल्यावर दोघं सरळ आले. पुढे दोघं नोकरीला लागले तरी रविवारी दुपारी फळी मांडली जायचीच. आठवड्यात तेवढाच एक वेळ घरात नुसती मराठी ऐकू येई, आणि श्रीनिवासराव त्या वेळेची वाट बघत असत.

मग गिरीशचं लग्न झालं. वासुकी तिरुवैयारूची, तमिळ घरातली, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. सासूच्या मागे मागे फिरून तिने मराठी उचलली. अडखळायची, पण थांबायची नाही. चौथा गडी मिळाल्याने दोन-दोनच्या जोड्या जमल्या आणि श्रीनिवासरावांना आभाळ ठेंगणं झालं.

तिसऱ्याच रविवारी ती जोरात होती. चिंचोक्यांचा ढीग वाढत होता. सुंदरीबाई काफी घेऊन आल्या, गिरीशचा कोपर लागला आणि उकळती काफी वासुकीच्या मनगटावर सांडली. ती म्हणाली, "अय्यो, सुडुदु!"

श्रीनिवासरावांचं बोट वर गेलं. 'अय्यो' चाललं असतं, ते मराठीतही चालतं. 'सुडुदु' तमिळ. सतीश खो खो हसला. वासुकीने आपली खुंटी काढून दिली, आत जाऊन हात नळाखाली धरला आणि बाहेर येऊन थोडं हसलीही. पुढच्या रविवारी तिला कपडे धुवायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी इस्त्री होती.

श्रीनिवासरावांना वाईट वाटलं. पोर रुसली हे त्यांना कळत होतं, ती परत फळीशी यावी म्हणून जीव तुटत होता. पण माणूस ड्राफ्ट्समन. माणूस दुखावलं तर माणसाशी बोलावं, हे सोडून ते नियमच दुरुस्त करत बसले. आधी ठरवलं, नव्या खेळाडूला डावात दोन तमिळ शब्द माफ. गिरीशने निरोप आत नेला. उत्तर आलं, "सवलत पाहुण्याला देतात. मला नको."

मग ठरलं, दुखलं-खुपलं असताना गेलेला शब्द धरायचा नाही. यावर वासुकी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मग मी दर रविवारी हात भाजून घेऊ का?"

सतीश म्हणाला, "अप्पा, तो नियमच काढून टाका." एक रविवार तसंही करून पाहिलं. एक ओव्हर संपायच्या आत दोन्ही मुलं घडाघडा तमिळमध्ये सुरू झाली आणि श्रीनिवासराव आपल्याच घरात परक्यासारखे बसून राहिले. नियम परत आला. सून हवी आणि मराठीही हवी, आणि दोन्ही एका फळीवर मावेनात.

असेच काही रविवार गेले. एका दुपारी तिघंच खेळत होते. वासुकी पलीकडे सांबाराचे छोटे कांदे सोलत बसली होती. श्रीनिवासरावांना जिंकायला तीन धावा हव्या होत्या. तेवढ्यात करंट गेला, पंखा थांबला, घामाने फासा हातातून निसटायला लागला.

"सुंदरी, माझा तुंडू दे ग," ते म्हणाले.

"आउट," वासुकी म्हणाली. मान वर केली नाही.

"कोण आउट?"

"तुम्ही, मामा. तुंडू तमिळ आहे."

सतीशने तोंडावर हात धरला. गिरीशने बायकोकडे पाहिलं आणि मग बापाकडे पाहायचं टाळलं.

श्रीनिवासरावांना मिरच्या झोंबल्या. "तुंडू तमिळ? माझे आजोबा खांद्यावर तुंडूच टाकत, त्यांचे आजोबाही टाकत. इतक्या पिढ्या या घरात राहिला. तो आपलाच आता."

वासुकीने सुरी खाली ठेवली. "राहिला, कारण पहिल्या दिवशी घरात आला तेव्हा त्याला कुणी बोट दाखवलं नाही. मला तुम्ही तिसऱ्या रविवारी दाखवलंत. हात भाजला होता, मामा. तुम्ही आधी बोट वर केलंत."

हे सगळं ती मराठीत बोलली, आणि कुठेही अडखळली नाही. सुंदरीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना हे कधीचंच ठाऊक होतं, पण या माणसाला सांगून पटत नाही, ठेच लागावी लागते, हेही ठाऊक होतं.

श्रीनिवासरावांनी आपली खुंटी भोकातून उपटली. तीन धावा राहिल्या त्या राहिल्या. लाज वाटत होती, आणि ती लपवायला त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं.

"सातवा नियम बदलला," ते म्हणाले. "तमिळ शब्द आला तर बाद कोणी नाही. समोरच्याने त्यासाठी मराठी शब्द सांगायचा. सांगितला तर एक रन त्याचा."

"तुंडूला काय म्हणायचं मग?" सतीशने विचारलं.

श्रीनिवासरावांनी डोकं खाजवलं. आठवेना. गिरीशलाही येईना.

"पंचा," सुंदरीबाई म्हणाल्या आणि कोणाला न विचारता एक चिंचोका स्वतःपुढे ठेवला.

वासुकी उठली. कांद्याचे हात पदराला पुसत फळीशी आली, पण बसली नाही. "सुडुदुला काय म्हणायचं, मामा?"

"भाजतंय," श्रीनिवासराव म्हणाले. सुंदरीबाईंनी त्यांच्यासाठी चिंचोका उचलला, पण त्यांनी तो हाताने मागे सारला. मग खाली बघत विचारलं, "फार भाजलं होतं का ग?"

"हो," वासुकी म्हणाली. "फार."

आणि ती त्यांच्या शेजारी बसली.