एकोणीस कोरलेला दगड

ऑरिन ट्विचेल वारला तेव्हा त्याच्या मुलाने, ड्वाइटने, कबरस्तानात आईबापांसाठी एकच जोडदगड बसवून घेतला. व्हरमाँटच्या डोंगरात तशी रीतच आहे. डाव्या अंगाला गेलेल्या बापाचं नाव, उजव्या अंगाला जित्या आईचं: एल्डोरा, जन्म १९१९, आणि पुढे मरणाच्या सालातलं नुसतं '१९'. उरलेले दोन आकडे वेळ आली की कोरायचे.

एल्डोरा मेलीच नाही. शतक सरलं. नव्या शतकातही ती आपल्या हाताने बटाटे काढत राहिली, सफरचंदं उतरवत राहिली. दगडावरचं एकोणीस शेवाळ पांघरून तिची वाट बघत बसलं.

"खाचेत दगडाच्या भुकटीचा लगदा भरू नि वर वीस कोरू," ड्वाइट म्हणाला. "कुणाला कळायचं नाही, आई."

"मला कळेल. मी तिथे जायचीच नाही."

खरं दुखणं वेगळं होतं. ऑरिनच्या पलीकडे त्याची आई पुरलेली. त्या सासूबरोबर एल्डोराने एका चुलीवर अर्धा जन्म काढला होता आणि सासूला सुनेच्या हातची एक भाकरी कधी धड लागली नव्हती. एल्डोराला निजायचं होतं घरामागे, आपण लावलेल्या सफरचंदांखाली.

ती गावकचेरीत गेली. तिथल्या मार्लीनने सांगितलं, "एल्डोराकाकू, राज्याचा कायदा स्वतःच्या जमिनीत पुरू देतो. पण साक्षीदारांसमोर लिहून ठेवा. नाहीतर तुमच्यामागे मुलगा ठरवणार."

"तो मला दगडाखालीच घालील."

"मग लिहाच. आणि जागा विहिरीपासून लांब हवी."

ड्वाइटने दोरी धरून अंतर मोजलं. सगळी झाडं विहिरीच्या फार जवळ निघाली. कायद्यात बसणारी जागा निघाली ती बागेपलीकडे, जुन्या डुकरांच्या आवारात.

"बघ," तो जरा खुशीतच म्हणाला, "आता डुकरांत निजतेस?"

"निजते. डुकरांनी माझ्या हातच्या खाण्याला कधी नावं ठेवली नाहीत."

तिने कागद केला. आपलं शेवटचं कार्य पार पाडणारा म्हणून नाव घातलं ड्वाइटचंच.

"मी नको म्हणतोय, तरी मलाच घातलंस?"

"ठरवायचं ते मी ठरवलं. तू नुसतं करायचंस."

एल्डोरा ऐन थंडीत गेली. जमीन लोखंड झाली होती, म्हणून गावच्या चालीप्रमाणे पेटी बर्फ वितळेपर्यंत कबरस्तानातल्या दगडी कोठीत राहिली. कोठीच्या दारातून जोडदगड समोरच दिसे. ड्वाइट येई, दगडाकडे बघे, दाराकडे बघे, आणि घरी जाई.

"चार पावलांवर तर आहे," शेजारी म्हणाले. "कागद कोण बघायला बसलंय?"

 वाटांवरचा चिखल वाळला तसा ड्वाइटने ट्रॅक्टरला गाडी जोडली आणि आईला घरी आणलं. डुकरांच्या आवारातली माती काळीभोर, लोण्यासारखी मऊ होती. फावडं कुठे अडलं नाही. वर त्याने सफरचंदाचं रोप लावलं.

जोडदगड अजून तसाच उभा आहे. एखादा परगावचा माणूस उजवं अंग वाचतो आणि कचेरीत येऊन विचारतो, "या एल्डोराबाई अजून आहेत का हो?"

"आहेत की," मार्लीन मान वर न करता सांगते. "सासूशी पटलं नाही, म्हणून वेगळ्या राहतात."