गाडी देवघरात आली की

धारगळला हायवे रुंद झाला तेव्हा आमच्या शेजारच्या भाऊंचं घर त्यात गेलं. बाकीच्यांनी मागे सरकून स्लॅबची घरं बांधली. भाऊंनी आपलं लाकडी घर मोडलं नाही, सोडवलं. त्यात लोखंडी खिळा नव्हताच. लाकडी खुंट्या हळूच ठोकून काढल्या, खांबांवर, तुळयांवर कोळशाने खुणा केल्या आणि तेच घर मागच्या माडांत पुन्हा उभं केलं. आम्ही हसलो होतो.

आता संध्याकाळी ते दारात बसून रस्ता बघतात. "बघ रे, गाडी ओसरीत इली," मला सांगतात. "आता चुलीकडे पावली." देवघर होतं तिथे ती पोचली की मात्र हात जोडतात.

ड्रायव्हरांना वाटतं, नमस्कार आपल्यालाच. तेही हॉर्न वाजवून जातात.