ओदिलियाबाईंचं वाटण विमानात कसं चढलं

ओदिलियाबाई मुलाकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला तिहुआनाला निघाल्या की आमच्या गल्लीतल्या बायका त्यांचे परकर मोजायला दारात येतात. स्वस्तातल्या विमानात फक्त सीटखाली मावेल एवढीच पिशवी फुकट, म्हणून उरलेलं सगळं बाई अंगावर चढवतात. परकरावर परकर, त्यावर खिशांचा एप्रन, आणि खिशांत सुकट, लसूण, चॉकलेटच्या वड्या. "पिशवी तोलतात, मला कोण तोलतंय?" असं वर मलाच विचारतात.

हे विमान आमच्या ओआहाकाला यायला लागलं आणि बाईंना पंख फुटले. आधी फिदेन्सियोचं, म्हणजे मुलाचं तोंड बघायचं तर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. आता बॅगेला वेगळे पैसे, खिडकीला वेगळे, पाण्याच्या घोटालाही वेगळे. पण बाईंची तक्रार नाही. "बसवाला कुठे सरबत पाजत होता?" म्हणतात. मोठ्या कंपनीचंही विमान आहे. ते बॅग फुकट नेतं, बिस्किट देतं आणि आधी राजधानीला नेऊन ताटकळत बसवतं. शेजारचे नोटरी एवारिस्तोसाहेब त्यानंच जातात. बाई म्हणतात, "बिस्किटासाठी एवढा वळसा घालणारा माणूस कुणाची कागदपत्रं सरळ करणार?"

यंदा मात्र जाणं साधं नव्हतं. फिदेन्सियोच्या मुलीचं, यारेत्सीचं लग्न होतं, आणि नवऱ्यामुलाची आजी आम्पारोबाई निघाली पुएब्लाची. पुएब्लाच्या माणसांना वाटतं, मोले हे वाटण देवानं पहिल्यांदा त्यांच्याच कानात सांगितलं. तिनं फोनवर गोडीत सुचवलं, "या वयात तुम्ही कशाला दमता? लग्नाचं मोले मी बघते."

बाईंनी फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी मिरच्या जाळायला घेतल्या. सगळी गल्ली खोकत होती. आमच्याकडच्या काळ्या मोलेत मिरची कोळशासारखी होईपर्यंत भाजतात. तीळ, बदाम, चॉकलेट पडतं, आणि दाटपणासाठी मक्याची भाकरीसुद्धा जाळून घालतात. गिरणीतून वाटून आणलेला तो काळा लगदा बाईंनी एका बुटक्या बादलीत ठासून भरला. "माझ्या नातीच्या ताटात पुएब्लाचं वाटण पडलं," त्यांनी मला बजावलं, "तर मी तिहुआनात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

यारेत्सीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता म्हणून मीही सोबत होतो. विमानतळावर तपासणीच्या पोरीनं बादलीकडे बोट केलं.

"आजी, हे काय?"

"लग्न."

पोरीनं झाकण काढलं. "पातळ पदार्थ आत चालत नाहीत."

"पातळ? ह्यात चमचा उभा कर. पडला तर मी इथूनच घरी जाते."

चमचा शिपायासारखा उभा राहिला. पोरगी हसली, पण हलली नाही. "लगदा आमच्याकडे पातळातच धरतात, आजी. सामानात द्या, नाहीतर टाका."

आम्ही धावत काउंटरवर गेलो. आमच्या विमानाचं सामान घेणं नुकतंच बंद झालं होतं. बाजूला मोठ्या कंपनीच्या बॅगा पट्ट्यावरून ऐटीत चालल्या होत्या. मला राहवलं नाही.

"बाई, बिस्किटवाल्यांकडून गेलो असतो तर..."

"तुझं डोकं म्हणजे बिस्किटच. चहात घातलं की विरघळतं."

पण मग त्या बादली मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आणि एकदम लहान दिसायला लागल्या. "ती पुएब्लावाली पातेलं चढवणार, एलिसेओ. माझ्या पोरीच्या लग्नात."

तेवढ्यात बाईंची नजर आपल्या पिशवीवर गेली. पिशवीत त्लायुदा होत्या, ढालीएवढ्या कडक मक्याच्या भाकऱ्या. त्यांच्याशिवाय आमच्याकडचं कुणी विमानात चढत नाही. बाई उठल्या आणि पुन्हा त्या पोरीसमोर उभ्या राहिल्या.

"पोरी, भाकरीला लावलेलं मोले पातळ की घट्ट?"

पोरीनं विचार केला. "ते जेवण. जेवण चालतं."

"ऐकलंस, एलिसेओ? आता तोंड बंद आणि हात चालू."

मग काय विचारता! बाकावर भाकऱ्या मांडल्या, मी चमच्यानं लावतोय, बाई हातानं. रांगेतले लोक विचारायला आले आणि कामाला लागले. मोठ्या कंपनीच्या रांगेतली एक रंगवलेल्या नखांची बाई तर आपली जागा सोडून आली. "माझी आईसुद्धा काळंच करायची," म्हणाली आणि बोर्डिंग पासच्या पुठ्ठ्यानं असं सारवलं की मला लाज वाटली. पोरीनं चवड मशीनमधून जाऊ दिली, पाठोपाठ रिकामी बादलीही. बाईंनी वरची एक भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली. ड्युटीवर खात नाही, असं ती म्हणाली खरं. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तिचे गाल हलत होते.

तिहुआनात आम्पारोबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभी. चवड पाहून म्हणाली, "अगंबाई! तुमचं मोले भाकरीलाच चिकटलं की! राहू द्या, माझं तयार आहे."

"चिकटवूनच आणलंय," ओदिलियाबाई म्हणाल्या आणि तिला कोपरानं बाजूला सारून चुलीशी गेल्या. भाकऱ्या वाटणासकट तव्यावर काळ्या केल्या, मोडल्या, टर्कीच्या रश्शात घालून वाटून काढल्या. पातेल्यातून जो धुरकट वास सुटला, त्यानं नवरामुलगा बुटांची नाडी न बांधताच आत आला.

लग्नाच्या पंगतीत यारेत्सीनं पहिला घास घेतला आणि आजीकडे बघून डोळे मिटले. आम्पारोबाईनं पहिल्यांदा चाखून पाहिलं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा तर ती ताट घेऊन स्वतः ओदिलियाबाईंकडे आली.

"भाकरी जरा जास्त घातलीत ना? ही कृती कुणाची?"

"विमान कंपनीची," बाई म्हणाल्या. "आणि स्वस्तातल्याच हं. बिस्किटवाल्यांना विचारू नका."