मूठभर रव्याचा सौदा

मॅडमनी मला विकलं होतं.

मूठभर इडली रव्याला. म्हात्रे सरांना.

आज पहाटे मॅडम गेल्या. मी घोडबंदर रोडवर बसमध्ये अडकलेय आणि बस हलत नाहीये. त्यांच्या भाच्याचा फोन येऊन गेला, "ताई, आम्हाला फार थांबता येणार नाही." हातात फोन आहे, म्हणून लिहितेय.

कुमुद मॅडम माझ्या पीएच.डी.च्या गाइड. विषय कुटुंब आणि बालविकास. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी इथल्या मिठागरांवर राबणाऱ्या घरांत मुलं कशी वाढत, हा माझा प्रबंध.

नाव नोंदवलं तेव्हा माझी लेक चौथीत होती. आता ती बारावीला आहे.

सासूबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दीडशे वर्षांपूर्वीची पोरं काय जेवत ते तुला ठाऊक. आपली आज डब्यात काय घेऊन गेली, सांग बघू?"



दर शनिवारी मी शिकवते ते कॉलेज सुटलं की शहाडहून ठाणे. मॅडमचा चौदावा मजला. आधी आमटी-भात, मग लाल पेन्सिल.

"हे परत लिही."

"मॅडम, मागच्या वेळी तुम्हीच बरोबर म्हणालात."

"मागच्या वेळी मी चुकले असेन. लिही गं."

मॅडम एकट्या राहायच्या. कधी कधी वाटायचं, प्रबंध संपला तर शनिवार संपेल म्हणून ह्या मला सोडत नाहीत. मग बसमध्ये वाटायचं, आणि मी? आठवड्यातले तेवढेच तास मला कुणी 'चहा टाकतेस का' म्हणत नव्हतं. कोण कुणाला धरून होतं, मला अजूनही नीट सांगता येत नाही.

म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं, त्यांच्या आज्यांच्या वेळचं, मी एका प्रकरणात लिहिलं होतं. आई मिठागरात उतरली की रांगत्या मुलाच्या पायाला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक बांधावरच्या खुंटीला. मूल खाडीत जाऊ नये म्हणून.

मॅडमनी समासात लिहिलं, "आणि आईच्या पायाला?"

त्याच लोकांनी सांगितलेली आणखी एक रीत. एखाद्या घरात मुलं जगत नसली की पुढचं मूल सुपात घालून शेजारणीला विकायचं. मूठभर कोंड्याला नाहीतर कण्यांना. मूल राहायचं आईकडेच, पण नाव शेजारणीचं. मृत्यू दारात आला तर सांगायचं, आमचं नाहीच ते.

मॅडमचं दुखणं कळलं तेव्हा माझी शेवटची मुदतवाढ चालू होती. गाइड गेली की नवा गाइड मिळेपर्यंत मुदत संपणार. म्हणजे सगळी वर्षं पाण्यात.

एका शनिवारी गेले तर तिथे म्हात्रे सर बसलेले. मॅडमचे जुने विद्यार्थी, आता कल्याणला शिकवतात, मूळचे मिठागरवाल्यांच्याच घरातले.

मॅडम पलंगावरून म्हणाल्या, "सूप नाहीये घरात. परात आण."

आणली. त्यांनी माझा कच्चा प्रबंध परातीत ठेवला.

"म्हात्रे, कण्या आणल्यास?"

सरांनी पिशवीतून पाकीट काढलं. "आता कण्या कुठं मिलतात, मॅडम? इडली रवा हाय."

"अरे, सौदा आहे की नाश्ता?"

"तांदलाचाच हाय ना! चालवून घ्या."

आम्ही तिघंही हसलो. मग मॅडमनी त्यातला मूठभर रवा घेतला, परात सरांकडे सरकवली आणि गाइड बदलायच्या अर्जावर सही केली. तेव्हा मला कळलं की ही थट्टा नाही.

मला राग आला. इतक्या वर्षांनी, अशी परातीतून?

मी म्हटलं, "विकलेलं मूल आईकडेच राहतं. पुढच्या शनिवारी येते मी."

"ते मूल राहायचं. तू राहू नकोस. बाहेर पड यातून. म्हात्रे, हिला लटकवून ठेवलंस तर बघ."

सरांनी लटकवलं नाही. परवा प्रबंध जमा केला. पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव आहे. मॅडमचं नाव ऋणनिर्देशात, तेही मीच हट्टानं घातलं.

आज शनिवार. एक प्रत पिशवीत आहे. सकाळचा फोन आला नसता तरी आज दाखवायला येणारच होते.

उतरून चालत जाईन म्हटलं, तर ड्रायव्हर म्हणतो, "मधल्या लेनमध्ये दार नाय उघडणार, मॅडम."

भाच्याचा मेसेज आला. मॅडमना घेऊन निघतायत.

हे परत लिही म्हणायला आता कुणी नाही, म्हणून जसं आहे तसंच टाकतेय.

मूल जगलं, मॅडम.

माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही निघा.