सावलीनं जळलेली शेवंती

इचोड्याच्या आमच्या घरात पुढे किराणा दुकान आणि मागे वहिनीची बाग. पुढून ट्रकांची धूळ यायची; मागे डालड्याच्या डब्यांत अबोली, न्हाणीच्या पाण्यावर मोगरा आणि भिंतीलगत पिवळी शेवंती. गौरी बसेपर्यंत वहिनी शेवंतीचे शेंडे खुडत राहायची. मी म्हणायचे, झाडाला कशाला छळतेस? ती म्हणायची, "लाड केले तर एकच दांडा वर जाते, बाई. खुडलं का मंग फांद्या फुटते." सरकीची ढेप भिजवून ते आंबूस पाणी ती बुडाशी घालायची. दादा ओरडायचा, "गाईपेक्षा हिच्या झाडाइलेच ढेप जास्त लागते!"

लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. एकदा वाफ्यात बसून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "एक झालं तरी पुरे." पुन्हा कधी हा विषय तिनं काढला नाही.

महिन्यातले चार दिवस मात्र तिला बाग बंद. ती मागच्या ओसरीत बाजूला बसायची. विटाळशीची सावली पडली की फुलझाड जळतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. आता यातला न्याय बघा. वहिनीशिवाय त्या झाडांना पाणी घालणारं घरात कोणी नव्हतं. चार दिवस पाणी नाही म्हणून झाडं माना टाकायची आणि आई बोट दाखवायची, "पाह्य, पडलीच सावली." बादली उचलायचं एकालाही सुचत नव्हतं, सावली मात्र सगळ्यांना दिसत होती!

मी तेव्हा आदिलाबादला कॉलेजात होते, वसतिगृहात राहायचे, बायकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या आमच्या गटाची पत्रकं वाटायचे. आईला हे सगळं मी पत्रकाच्या भाषेत ऐकवलं. ती म्हणाली, "तुह्यं पत्रक त्या मोगऱ्यालेच वाचून दाखव वं."

वहिनीनं वाद घातला नाही, तोड काढली. दिवस जवळ आले की ती भरपूर पाणी द्यायची आणि मुळांवर तुरीचं कुटार, मळणीतला भुसा, पसरायची. तेवढ्यावर चार दिवस ओल टिकायची.

एका वर्षी पावसाळा सरता सरता तिचे ते चार दिवस संपलेच नाहीत. आठवडा गेला, पंधरवडा गेला, वहिनी ओसरीतच. कुटाराखालची ओल केव्हाच उडाली. शेवंतीच्या कळ्या उमलायच्या आधीच काळ्या पडल्या. आईनं भगत बोलावला. त्यानं बाग पाहिली. बाग! वहिनीकडे त्यानं मान वळवूनही बघितलं नाही. शेवंतीला पिवळ्या चिंध्या बांधल्या, मोगऱ्यावरून लिंबू उतरवलं आणि गेला.

माझी आई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर भांडण सोपं होतं. ती स्वतः त्याच ओसरीत बसत आली होती. वहिनीच्या ताटात जास्तीचं तूप वाढून ते ताट ती रोज उंबऱ्यापाशी ठेवायची, आणि वहिनी का सुकते आहे हे मात्र झाडांना विचारायची.

दिवाळीला मी घरी आले तेव्हा ओसरीतली बाई मला पटकन ओळखू आली नाही. ओठ पांढरेफटक, डोळ्यांखाली सूज.

"वहिनी, काऊन नाही सांगितलं कोणाले?"

"सांगतलं न. मायले माहीत हाय. ते पाहा, झाडाइचा उतारा केला त्याइनं." ती हसली. "झाडाइचं झालं का माहा नंबर."

मी दादावर आवाज चढवला. तो गल्ल्यावरून उठला नाही. "बायकाइच्या गोष्टी मले काय समजते?"

"बायको तर समजते न? ऊठ!"

दवाखान्यात जायला निघताना वहिनी भिंतीला धरून थांबली. "बाई, एक बादली टाका न शेवंतीले. मी लांबच उभी राह्यते." मी पाणी घातलं. ती ओसरीतून सांगत राहिली, "बुडाशी टाका. पानावर नोको."

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरीण दादाला फाडफाड बोलली. गाठ होती. अंगात रक्त उरलं नव्हतं. आधी आणलं असतं तर नुसती गाठ काढता आली असती. आता पिशवीच काढावी लागणार होती. वहिनीनं विचारलं, "मंग लेकरू?" डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. चौकात उभी राहून तासभर बोलणारी मी वहिनीच्या खांद्यावरचा पदर सारखा करत बसले.

ती घरी आली, हिंडूफिरू लागली, तेव्हा आईनं नवी पत्र्याची झारी आणून तिच्या हातात दिली. मायेनंच दिली, हे लिहिलंच पाहिजे. "आता तुले कायचीच मनाई नाही पोरी. बारा महिने घाल पाणी." शेजारणींनाही ती कौतुकानं सांगत होती, आमच्या सुनेला आता बाजूला बसणं नाही.

वहिनी भिंतीपाशी गेली. वाळलेल्या शेवंतीत दोन-तीनच झाडं हिरवी होती. पाणी घालता घालता तिनं मला जवळ बोलावलं.

"बाई, आधी बी माह्या हातानं याइले काई झालं नसतं न?"

"काहीच नाही."

"मंग काऊन?"

उत्तरं माझ्याकडे होती, छापलेली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि झारीतलं सगळं पाणी एकाच झाडावर पडत राहिलं.